समजूत घालतात की काढतात?

सकाळची बदलापूर–सीएसएमटी लोकल. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि गाडी फलाटावरून हलते न हलते तोच कुणाच्या तरी कडेवरचं बाळ भोकाड पसरतं. आई त्याला खांद्यावर घेते, पाठीवर थोपटते आणि सुरू होते, "उगी उगी... उगी हं माझ्या राजा, उगी." शेजारची बाई पिशवी मांडीवर ओढून घेते आणि तीही त्याच सुरात म्हणते, "उगी हं, उगी." अंबरनाथ येईपर्यंत रडणं हुंदक्यांवर आलेलं असतं. उल्हासनगरला बाळ झोपलेलं असतं.

त्याच डब्यात चौथ्या सीटवरून दोघींची जुंपते. एक म्हणते सरका, दुसरी म्हणते अजून किती सरकू. आवाज चढतात. तिसरी मध्ये पडते, "अहो, शांत व्हा की!" झालं. आतापर्यंत एकमेकींशी भांडणाऱ्या दोघी मिळून तिच्यावर उलटतात, "आम्ही शांतच आहोत, तुम्ही नका शिकवू."

रोज घडतं म्हणून याचं कुणाला नवल वाटत नाही. पण ज्या बाळाला एकाही शब्दाचा अर्थ कळत नाही ते सांगितल्यावर शांत होतं, आणि जिला प्रत्येक शब्द नीट कळतो ती बाई सांगितल्यावर भडकते. असं का व्हावं?

उत्तराचा निम्मा भाग शरीरात आहे आणि निम्मा भाषेत. मराठीत शांत करण्यासाठी शब्दांची कमी नाही. थोपटणं, गोंजारणं, चुचकारणं, समजूत काढणं, मनधरणी करणं, धीर देणं, दिलासा देणं, सांत्वन करणं. शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी बसतील, पण बोलताना कुणी एकाच्या जागी दुसरा वापरत नाही. रडणाऱ्या तान्ह्या बाळाचं कुणी सांत्वन करत नाही, आणि रुसलेल्या जावयाला कुणी उगी उगी म्हणत नाही. समोरच्याचं नेमकं काय बिघडलंय, याचं निदान बोलणारा आधी करतो आणि मग शब्द उचलतो. लोकलमधल्या त्या तिसरीचं निदान चुकलं होतं.

अर्थाआधी पोचणारा शब्द

'उगी' आज फक्त लहान मुलांच्या वाट्याला उरला आहे, पण मुळात तो मोठ्यांचाच शब्द. जुन्या मराठीत 'उगा' म्हणजे गप्प, निश्चल, काही न करता असलेला. संतसाहित्यात 'उगा', 'उगी', 'उगें' ही रूपं याच अर्थाने भेटतात. 'उगाच' आणि 'उगीच' हे त्याच घरातले. काही न करता गप्प असणं इथून सुरुवात झाली आणि प्रवास 'काही कारण नसताना' इथवर आला. "काय करतोस?" "उगाच बसलोय." या साध्या उत्तरात दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. गोव्याकडे कोंकणीत 'ओगी राव' हे मोठ्या माणसालाही सांगतात आणि त्यात दटावणीसुद्धा असू शकते. मराठीने मात्र दटावणीचं काम 'गप्प बस'कडे सोपवलं आणि 'उगी' पाळण्याजवळ ठेवला. त्याचं लिंगही गोठून गेलं. मुलगा असो की मुलगी, शब्द 'उगी'च.

बाळाला यातलं काही माहीत नसतं. त्याला ऐकू येतो तो सूर. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या भाषांतल्या आईबापांचं बाळांशी बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. भाषा कोणतीही असो, कौतुकाचा सूर उंच चढून खाली येतो, मनाईचा सूर तुटक आणि जोरकस असतो, आणि शांत करण्याचा सूर खालच्या पट्टीतला, लांबवलेला, हळूहळू उतरत जाणारा असतो. मराठी आई 'उगी' म्हणते तेव्हा नेमकं हेच होतं. 'उ' आखूड, 'गी' लांब, आणि लांबवता लांबवता आवाज खाली येतो. मग पुन्हा तेच. एकदाच 'उगी' म्हणून थांबणारी आई विरळाच, कारण शब्द जोडीने येतो तेव्हा त्याला लय मिळते. थोपटणारा हात ती लय धरतो.

हाताची स्वतःची भाषा असते. माणसाच्या केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, डोकं इथे, एक विशेष प्रकारचे मज्जातंतू असतात. टोचणं किंवा भाजणं कळवणं हे त्यांचं काम नाही. मऊ, संथ स्पर्शाला ते प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद वाटायला लावतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की हे तंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून घाईने हात फिरवला तर प्रतिसाद कमी, अगदी रेंगाळला तरी कमी. तान्ह्या बाळाची पाठ वीतभर. तिच्यावरून वरून खाली हात यायला सहासात सेकंद लागले, तर वेग बरोबर या पट्ट्यात येतो. 'कुरवाळणं' या क्रियापदात ही गती आपोआप येते. घाईघाईने कुरवाळता येतच नाही.

आणि चालणं. बाळ रडायला लागलं की आजी त्याला घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालते. जपानच्या राइकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यामागचं शरीरशास्त्र मांडलं. आई बाळाला घेऊन नुसती बसली तर होत नाही ते ती उठून चालू लागली की होतं. बाळाची हालचाल थांबते, रडणं कमी होतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. उंदराची मादी पिल्लाला मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लूही असंच निपचित होतं, म्हणजे ही सवय फार जुनी असावी. पळ काढताना पिल्लाने तडफड केली तर दोघांचाही जीव जाईल. याच गटाने २०२२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं घेऊन चालावं, ते झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं कुशीत घेऊन बसावं आणि मगच खाली ठेवावं. नाहीतर आईच्या अंगापासून अलग होण्याच्या क्षणीच बाळाचे ठोके वाढतात आणि ते जागं होतं. पाठ गादीला टेकल्यावर ते जागं होतं असं आईला वाटतं, पण शरीर त्याआधीच सावध झालेलं असतं.

गुराढोरांचंही शास्त्र हेच. बुजलेल्या बैलाला शेतकरी ओठ-जिभेने च्-च् असा आवाज करत, मानेखाली खाजवत जवळ जातो. त्या आवाजावरूनच 'चुचकारणं' हे क्रियापद घडलं.

गढूळ पाणी आणि निवळी

मोठ्या माणसाच्या रागाचं गणित निराळं. राग आला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं, म्हणजे रक्तातून सगळीकडे निरोप पोचवणारी रसायनं, सुटतात. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. ही तयारी एका क्षणात होते, पण उतरायला वेळ लागतो. भांडण मिटलं तरी हात थरथरत राहतात ते यामुळे.

यासाठी मराठीत नेमकं क्रियापद आहे, 'निवळणं'. आभाळ निवळतं, तणाव निवळतो आणि पाणीही निवळतं. पावसाळ्यात बदलापूरजवळ उल्हास नदीचं पाणी लालसर गढूळ होतं. ते बादलीत भरून ठेवलं तरी लवकर स्वच्छ होत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर सारखाच विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलत राहतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी फिरवली की तो भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. तुरटीच्या आधी खेड्यापाड्यांत 'निवळी' नावाच्या झाडाची बी माठाच्या आतून घासत. संस्कृतात त्याला कतक म्हणतात, आणि गढूळ पाणी स्वच्छ करण्याच्या उपायांत सुश्रुतसंहितेनेही त्याची नोंद केली आहे. पण तुरटी असो की निवळी, त्यानंतर पाणी हलवायचं नसतं. रागावलेल्या माणसाला "शांत हो, शांत हो" म्हणत राहणं म्हणजे निवळत आलेल्या बादलीत पुन्हा पुन्हा हात घालणं.

त्यात 'शांत व्हा' हे आज्ञार्थी. एक तर हुकूम, वर निकालही. तुम्ही अशांत आहात, तुमचं चुकतंय, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. म्हणून समोरचा लगेच स्वतःच्या बचावाला उभा राहतो.

लोकलमध्ये मुरलेली माणसं म्हणून वेगळं बोलतात. "जाऊ द्या ना, ताई." "राहू दे हो, मावशी." "असू द्या, काका, होतं असं गर्दीत." या वाक्यांकडे व्याकरणाच्या नजरेने पाहिलं तर ती हुशारीची आहेत. 'जाऊ द्या'मध्ये जायचं आहे ते भांडणाचं कारण. माणसावर ठपका नाही. 'देणं' हे सहायक क्रियापद परवानगीचं, म्हणजे मोठेपणा रागावलेल्याच्या हातात राहतो. सोबत 'ना' किंवा 'हो' येतो, तो हुकमाची धार बोथट करतो. आणि ताई, मावशी, काका म्हटल्यावर अनोळखी माणूस क्षणभर का होईना नात्यात येतो. उल्हासनगरला चढलेला कुणी सिंधी हेच काम 'साईं' या एका संबोधनाने करतो.

भावनेला नाव देण्याचाही उपयोग होतो. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दात नाव द्यायला सांगितलं तेव्हा मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी झालेली दिसली. "तुम्हाला रोज उभं राहावं लागतं, वैताग येणारच" हे वाक्य म्हणूनच 'शांत व्हा'पेक्षा बरं. त्यात समोरच्याच्या वैतागाचं नाव घेतलेलं असतं आणि तो मान्यही केलेला असतो.

आणखी एक समज इथे तपासायला हवा. "एकदाचा राग काढून टाक, मोकळी हो" असं पुष्कळदा सांगितलं जातं. २०२४ मध्ये सोफी कियर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. आरडाओरडा करून, उशी बडवून किंवा धावून राग कमी होतो, याला त्यांना आधार मिळाला नाही. उलट शरीराची धग उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं यांनी, राग उतरला. मराठी वाक्प्रचार याबाबत आधीच खबरदार आहे. राग नुसता 'काढत' नाहीत, तो कुणावर तरी काढतात, आणि तो बहुधा गरिबावर निघतो.

तेच शब्द, उलटी क्रियापदं

आता शीर्षकातलं कोडं. घालणं आणि काढणं ही एकमेकांच्या विरुद्ध क्रियापदं. टोपी घालतात आणि काढतात, चप्पल घालतात आणि काढतात. मग 'समजूत घालणं' आणि 'समजूत काढणं' हे जवळजवळ एकाच अर्थाचे कसे? कुणी मराठी शिकायला घेतलं की तो इथे हमखास अडखळतो, आणि आयुष्यभर मराठी बोलणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही.

गुपित 'काढणं'मध्ये आहे. या क्रियापदाचा अर्थ बाजूला करणं एवढाच नाही. आत दडलेलं किंवा अजून नसलेलं काही बाहेर आणणं हाही त्याचा तितकाच अस्सल अर्थ आहे. विहिरीतून पाणी काढतात, गाईचं दूध काढतात, चित्र काढतात, विषय काढतात, आठवण काढतात, गर्दीतून वाट काढतात, भांडणातून तोडगा काढतात. यात कुठेही काही फेकून दिलेलं नाही. समजूत काढणं हे या पंगतीतलं. समोरच्याच्या ठायी शहाणपण आहे, रागाने किंवा दुःखाने ते दबलं आहे, ते हळूहळू वर आणायचं. 'रुसवा काढणं'मध्ये मात्र काढणं म्हणजे खरोखरच दूर करणं. एकाच घरात आई लेकीचा रुसवा काढते आणि तिची समजूतही काढते. पहिल्यात काहीतरी जातं, दुसऱ्यात काहीतरी येतं.

'घालणं'ची दिशा उलटी. लक्ष घालणं, भर घालणं, कानावर घालणं, साकडं घालणं. इथे बाहेरून आत किंवा इकडून तिकडे काहीतरी पोचवलं जातं. म्हणून समजूत घालणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काही असावं लागतं. लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलाची वडील समजूत घालतात, म्हणजे चार मुद्दे त्याच्या गळी उतरवू पाहतात. खेळणं मोडलं म्हणून हिरमुसलेल्या नातीची आजोबा समजूत काढतात. तिथे मुद्द्यांना काय किंमत? बोलताना दोन्ही सरमिसळ होतात हे खरं, पण कान देऊन ऐकलं तर भेद जाणवतो. जिथे पटवायचं असतं तिथे घालणं पुढे येतं, जिथे मन वळवून आणायचं असतं तिथे काढणं.

| चौकट: कोणाला काय? |
|---|
| रडणाऱ्या तान्ह्याला उगी. रुसलेल्याची समजूत काढतात, आणि तो मानाचा असेल तर मनधरणी करतात. न पटणाऱ्याची समजूत घालतात. घाबरलेल्याला धीर देतात. संकटात सापडलेल्याला दिलासा. त्यात शब्दाबरोबर काहीतरी ठोस द्यावं लागतं. कुणी गेलं असेल त्या घरच्यांचं सांत्वन. बुजलेल्या जनावराला चुचकारतात. आणि 'शांत करणं' कुठेही चालतं, म्हणूनच ते सर्वांत कमी सांगतं. |

समजूत या शब्दाचा पाया 'समजणं' आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. समजूत काढायला जाणारा गृहीत धरतो की समोरच्याला काहीतरी समजलेलं नाही. ज्याला सगळं नीट समजलं आहे आणि म्हणूनच जो संतापला आहे, त्याचं काय?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हा प्रश्न उभा राहिला. शहरातल्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं, आणि गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबाने लोक संतापले होते. सकाळपासून आंदोलक रुळांवर उतरले आणि जवळपास दहा तास रेल्वे ठप्प राहिली. मंत्री गिरीश महाजन स्थानकात आले, त्यांनी आंदोलकांची समजूत काढण्याचा प्रयत्न केला. लोक हटले नाहीत. संध्याकाळी पोलिसांनी लाठीमार करून रूळ मोकळे केले. त्या दिवशी बातम्यांत 'समजूत' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. तो तिथे तोकडा होता. त्या आंदोलकांचा कसलाही गैरसमज झालेला नव्हता. त्यांना हवी होती ती कारवाई, आणि कारवाईची जागा समजूत घेऊ शकत नाही. शांत करण्याचा कोणताही शब्द वापरण्याआधी समोरच्याचा राग रास्त आहे का, हे विचारायला हवं. तो रास्त असेल तर त्याला शांत करण्याची घाई हा अन्याय ठरतो.

पुरात थांबलेली महालक्ष्मी

भीतीचा उतारा वेगळा असतो आणि मराठी त्याला 'धीर' म्हणते. धीर ही जणू हातात धरायची वस्तू. तो धरतात, तो सुटतो, खचतो, आणि कुणीतरी तो देऊ शकतं.

२७ जुलै २०१९. रात्रभर कोसळलेल्या पावसाने उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. खिडकीतून दिसत होतं ते फक्त पाणी. अशा वेळी एखाद्याने घाबरून उडी मारली असती तर प्रवाहात वाहून गेला असता.

मध्य रेल्वेने प्रवाशांना जे सांगितलं ते धीर देण्याचा धडा म्हणून अभ्यासावं असं आहे. गाडीतून उतरू नका, गाडी हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. रेल्वेचे कर्मचारी, रेल्वे सुरक्षा दल आणि पोलीस तुमच्यासोबत आहेत. आपत्ती दलाच्या सूचनेची वाट पाहा. या निवेदनात घाबरू नका हे मुख्य नव्हतं. मुख्य होतं ते कुठे थांबायचं, सोबत कोण आहे आणि पुढे काय होणार. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दलही मदतीला आलं, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला, आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

आपत्तीत लोक बेभान होऊन पळत सुटतात ही समजूत चित्रपटांनी पसरवली. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारँटेली यांनी कित्येक आपत्तींचा अभ्यास करून दाखवलं की असं क्वचितच घडतं. बहुतेक माणसं एकमेकांना सांभाळतात, माहिती शोधतात. माहिती मिळाली नाही की भीती वाढते. त्यामुळे नुसतं "घाबरू नका" ऐकलं की माणसाला पहिली शंका येते, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे तर!

'आश्वासन' या शब्दातही एक शारीरिक अर्थ दडलेला आहे. तो 'श्वस्', म्हणजे श्वास घेणं, या धातूवरून आला. संस्कृतात आश्वासन देणं म्हणजे कोंडलेल्या माणसाला पुन्हा मोकळा श्वास घेता येईल असं करणं. शरीरशास्त्राशी हे चपखल जुळतं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला हा लगाम लावतो. उच्छ्वास लांबला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. सुटकेचा निःश्वास टाकल्यावर खरोखर बरं वाटतं, त्यामागे हा मज्जातंतू असतो. आज आश्वासन म्हटलं की निवडणूक आठवते, ही त्या सुंदर शब्दाची परवड.

सांत्वन: दरबारातून दुखवट्यात

'सांत्वन' आज एकाच प्रसंगाला उरला आहे. कुणाच्या घरी मृत्यू झाला की पुढारी सांत्वनपर भेट देतात, कुटुंबीयांचं सांत्वन करतात. पण संस्कृतात या शब्दाची व्याप्ती फार मोठी होती. साम, दाम, दंड, भेद या चार उपायांतला पहिला 'साम', आणि अमरकोशाने त्याचा पर्याय दिला आहे 'सान्त्व'. म्हणजे रागावलेल्या राजाला गोड बोलून वळवणं, शत्रूशी नमतं घेऊन समेट करणं, फितूर होऊ पाहणाऱ्या सरदाराला सांभाळून घेणं, हे सगळं सांत्वनच. मराठीत येईपर्यंत दरबार गेला, राग गेला, उरलं ते फक्त दुःख.

'शांत' शब्दाने याच्या अगदी उलट वाट धरली. तो पसरत गेला. मूल शांत होतं, वारा शांत होतो, भूक शांत होते. मराठीने त्याचं चक्क स्त्रीलिंगी नाम केलं आणि ग्रहांची, नक्षत्रांची 'शांत' करायला घेतली. बदलापूर-अंबरनाथकडे नव्या इमारती उभ्या राहतात तसे दर मुहूर्ताला वास्तुशांतीचे निरोप येतात. माणसाला शांत करायचं तर त्याचं ऐकून घ्यावं लागतं. वास्तूला शांत करायला होम, नैवेद्य आणि पंगत लागते. देणं मात्र दोन्हीकडे आलंच.

कॅम्पातला दिलासा

हे देणं 'दिलासा' या शब्दात सर्वांत ठळक आहे. शब्द फारसीतून आला. त्यातला 'दिल' ओळखू येतोच. मराठ्यांच्या काळात स्वारीने किंवा दुष्काळाने गाव उजाड झालं की पळून गेलेल्या रयतेला कौल देत आणि तिचा दिलासा करून परत वसवत. कौल म्हणजे लेखी अभय, ज्यात बहुधा सारामाफीची किंवा सवलतीची कलमं असत. नुसतं 'भिऊ नका' सांगून कुणब्याने पुन्हा नांगर धरला नसता.

उल्हासनगर असंच दिलाशाच्या गरजेतून उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दिली गेली. बघता बघता एक लाखाच्या आसपास माणसं तिथल्या बराकींत राहू लागली. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचे पाच भाग कॅम्प एक ते कॅम्प पाच म्हणून आजही पत्त्यात लिहिले जातात.

या माणसांनी सोबत स्वतःचे शब्द आणले. सिंधीत दुःखी माणसाला 'आथत' देतात, म्हणजे आधार, सांत्वन. रुसलेल्याला मनवण्यासाठी 'परचाइणु' हे वेगळं क्रियापद आहे. मराठीतल्या मनधरणीच्या ते फार जवळ जातं. मुलाला निजवताना 'लोली' म्हणतात. आणि गप्प राहायला सांगायचं तर 'माठ कर', कारण सिंधीत माठ म्हणजे शांतता. मराठी शेजाऱ्याला ते ऐकून पाण्याचा माठ आठवला असेल तर नवल नाही. पण 'दिलासो' ऐकून त्याला काही विचारावं लागलं नसेल. फारसीतला तो शब्द सिंधीने आणि मराठीने आपापल्या घरी कधीच आणून ठेवला होता.

आजही या पट्ट्यात दिलासा हा शब्द वापरताना वर्तमानपत्रं सहसा हिशेब पाळतात. एप्रिल-मेमध्ये उल्हासनगर आणि अंबरनाथला पाण्याची ओढ लागते. पालिकेने टँकर वाढवण्याचं कबूल केलं की मथळा येतो 'आश्वासन'. एमआयडीसीचं बदलापूरजवळचं बारवी धरण भरून वाहू लागलं की त्याच पानावर छापून येतं, 'नागरिकांना दिलासा'.